घाटात तिसऱ्या गिअरवर अडकलेली ऑटोमॅटिक : गिअर पोझिशन स्विचचं एक प्रकरण

जुनी ऑटोमॅटिक गाडी कुरकुर करायला लागली की आपल्याकडे पहिलं वाक्य निघतं, ‘गिअरबॉक्स गेला.’ ते ऐकून मालकाचा धीरच सुटतो. ओव्हरहॉलचा आकडा लाखाच्या घरात जातो आणि वीस वर्षं चाललेल्या गाडीला बाजारात तेवढे पैसेही येत नाहीत. मग गाडी विकली जाते, बरेचदा भंगाराच्या भावात. हे प्रकरण अशाच वाटेवर निघालेल्या एका गाडीचं आहे. तिच्या गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. बिघाड होता तो गिअरबॉक्सच्या अंगावर बाहेरून दोन बोल्टांनी बसवलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या एका स्विचमध्ये. मोजमापांसकट सगळं लिहितो, म्हणजे ज्याच्याकडे मल्टिमीटर आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर आहे त्याला आपल्या गाडीवर हे पडताळून पाहता येईल.

गाडी आणि तक्रार

गाडी २००४ ची, पेट्रोलवर चालणारी, पुढची चाकं ओढणारी सेडान. गिअरबॉक्स चार स्पीडचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला, आणि त्याला स्वतंत्र कॉम्प्युटर. रनिंग लाखाच्या थोडं वर. मालकीण चिपळूणच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. ही गाडी त्यांच्या हाताला बसलेली आहे आणि कराडला लेकीकडे जायचं तर त्या स्वतःच चालवत कुंभार्ली घाट चढून येतात. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम कराडातच, म्हणून गाडी माझ्याकडे आली.

बाईंनी तक्रारी वहीत लिहून आणल्या होत्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, आणि त्या दिवशी पाऊस होता की नव्हता तेसुद्धा. ते पान मला स्कॅनरइतकंच कामाला आलं. सकाळी पार्कमध्ये चावी फिरवली तर कधीकधी सेल्फ लागत नाही. लिव्हर जरा पुढे दाबून धरला किंवा न्यूट्रलला आणला की लागतो. मीटरमधला ‘डी’चा (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या जागेचा) दिवा चालत्या गाडीत मधेच विझतो. एकदा ‘एन’ आणि ‘डी’ दोन्ही एकदम पेटलेले दिसले. रिव्हर्सचे दिवे मंद जळतात असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आणि ज्या गोष्टीने बाई खरोखर घाबरल्या ती ही : पोफळी सोडून घाट चढताना गाडीला एक जोराचा झटका बसला आणि ती ओढेनाशी झाली. पाय दाबला की इंजिन घुसमटायचं आणि गाडी नुसती रांगायची. मागे ट्रकची रांग. त्यांनी कडेला घेऊन गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, आणि गाडी एकदम पहिल्यासारखी. पुढे हेळवाकपर्यंत आणि तिथून कराडपर्यंत काही झालं नाही.

माझ्याकडे येण्याआधी बॅटरी नवी बसवून झाली होती आणि सेल्फ खोलून बुश-कार्बन बदलून झाले होते. फरक शून्य. त्यानंतर एका ठिकाणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सेल्फची वायर डायरेक्ट करून देतो, मग कुठल्याही गिअरमध्ये लागेल’ असं. बाईंनी दोन्हींना नकार दिला. दुसऱ्या नकाराबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यावर पुढे लिहितो.

मी एकच प्रश्न विचारला. “बाई, सेल्फ लागत नाही तेव्हा मीटरमधले दिवे मंद होतात का?”

“अजिबात नाही. दिवे लख्ख असतात. टक असा आवाजसुद्धा येत नाही.”

या उत्तरात निम्मं काम झालं. बॅटरी बसलेली असेल किंवा सेल्फ अडकत असेल तर करंट ओढला जातो आणि दिवे मंदावतात. इथे करंट सेल्फपर्यंत पोचतच नव्हता. सेल्फला करंट सोडणारा रिलेसुद्धा उचलत नव्हता. म्हणजे कुणीतरी वाटेतच त्याला अडवत होतं, आणि ऑटोमॅटिक गाडीत अडवण्याचं काम ज्याच्याकडे दिलेलं असतं तो हाच स्विच.

स्विच करतो काय

लिव्हर हलवला की केबल ओढली जाते आणि गिअरबॉक्सच्या बाहेर आलेला एक शाफ्ट थोडा फिरतो. त्या एकाच शाफ्टवर दोन कामं होतात. आतल्या बाजूला तो मॅन्युअल व्हॉल्व्ह सरकवतो. तेलाचा दाब पुढे जायच्या क्लचकडे द्यायचा, मागे जायच्या क्लचकडे द्यायचा की कुठेच नाही, हे त्यावर ठरतं. बाहेरच्या बाजूला तोच शाफ्ट स्विचच्या मधोमध गेलेला असतो आणि स्विचमधला फिरता काँटॅक्ट पितळी पट्ट्यांवरून सरकवतो. लिव्हर ज्या जागी असेल त्या जागेच्या वायरवर १२ व्होल्ट येतात, बाकीच्या वायरी कोऱ्या राहतात.

म्हणजे स्विच गिअर टाकत नाही, फक्त लिव्हर कुठे आहे ते कळवतो. पण पुढची सगळी मंडळी त्याच्या शब्दावर चालतात. पार्क आणि न्यूट्रलमध्ये तो सेल्फच्या रिलेची वाट मोकळी करतो. रिव्हर्समध्ये मागचे दिवे लावतो. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर करंट त्या एका काँटॅक्टमधून जातो, म्हणून रिव्हर्सची पट्टी बहुधा काळवंडलेली सापडते. आणि मीटरला व गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला तो लिव्हरची जागा सांगतो. कॉम्प्युटर त्यावरून पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी जायचं ते ठरवतो.

आता चालत्या गाडीत ‘डी’च्या वायरवरचा करंट गेला, तर कॉम्प्युटरला सगळ्याच वायरी कोऱ्या दिसतात. गाडीला वेग आहे, इंजिन फिरतंय, आणि लिव्हर मात्र कुठेच नाही. अशा वेळी चुकीचा गिअर टाकण्यापेक्षा तो सोलेनॉइडची (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वीजच बंद करतो. या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड बंद पडले की तेलाच्या दाबावर तिसरा गिअर धरलेला राहतो. सपाट रस्त्यावर त्यावर घरी जाता येतं, पण घाटाच्या वळणावर तिसऱ्या गिअरने गाडी ओढणार कशी? बाईंना बसलेला झटका म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात झालेली ही अचानक उडी. चावी बंद करून चालू केली की कॉम्प्युटर नव्याने सुरुवात करतो, म्हणून गाडी ‘बरी’ होते. रिव्हर्स मात्र या अवस्थेतही पडतो, कारण तिथे तेलाची वाट केबलनेच मोकळी होते. तिसऱ्यात अडकलेल्या गाडीला रिव्हर्स नीट पडत असेल तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी दहादा विचार करावा.

आधी गिअरबॉक्सची तपासणी

स्विचवर संशय पक्का होता, तरी गिअरबॉक्स ठीक आहे हे आधी सिद्ध करायला हवं. नाहीतर नवा स्विच बसवल्यावर घाटात पुन्हा तेच झालं तर मालकाचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स गरम करून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून मग तेलाची पातळी पाहिली. पट्टीवर गरमच्या खुणांच्या मधोमध. रंग तपकिरीकडे झुकलेला लाल, जळका वास नाही, बोटावर चोळलं तर कण लागत नाहीत. ब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘आर’मध्ये टाकलं तर गिअर लगेच पकडतो, मधे रिकामा घुमत नाही.

मग स्कॅनर. साठवलेल्या कोडमध्ये पी०७०७ होता, लिव्हरच्या जागेचा सिग्नल कमी किंवा गायब असल्याचा. या घराण्यातले कोड लक्षात ठेवण्यासारखे आहेत : पी०७०५ म्हणजे त्या सर्किटमध्ये बिघाड, पी०७०६ म्हणजे सिग्नल येतो पण परिस्थितीशी जुळत नाही, पी०७०८ म्हणजे सिग्नल जास्त. एकाच वेळी दोन जागा दिसल्या की काही गाड्या हा शेवटचा कोड टाकतात.

पण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे होते ते नसलेले कोड. पी०७३१ ते पी०७३४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे कोड. आतले क्लच घसरत असतील तर इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगाचा हिशोब जुळत नाही आणि यातला एखादा कोड येतो. इथे एकही नव्हता. सोलेनॉइडचा नव्हता, वेगाच्या सेन्सरचा नव्हता. एवढं दिसत असताना गिअरबॉक्स खाली उतरवायला सांगणं हा मालकावर अन्याय आहे. स्कॅनर लावून दोन मिनिटांत जे कळतं ते न पाहता लाखाचं एस्टिमेट हातात ठेवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. समोरचा माणूस निवृत्तिवेतनातून गाडी सांभाळत असतो.

लिव्हर हळू हलवा, स्कॅनरकडे पाहा

या तपासणीला काहीही खोलावं लागत नाही आणि तीच सगळ्यात जास्त सांगते. चाकांना ठोकळे, हँडब्रेक वर, इंजिन बंद, चावी ऑनवर. स्कॅनरवर लिव्हरची जागा दाखवणारी ओळ उघडली आणि माझ्या हाताखालच्या पोराला लिव्हर अगदी सावकाश, खटक्याच्या आधी आणि नंतर थांबत थांबत हलवायला सांगितलं.

पाहायचं ते असं. प्रत्येक जागी लिव्हर खटक्यात बसतो. त्या खटक्याच्या दोन्ही बाजूंना थोडी ढील असते. ढिलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्कॅनरवरचं अक्षर हलता कामा नये. आता जर सगळ्याच जागांची अक्षरं एका बाजूला सरकलेली असतील, म्हणजे पार्क उशिरा येतोय, रिव्हर्स उशिरा, न्यूट्रल उशिरा, तर स्विच ठीक आहे. केबल ताणली गेली आहे, तिच्या टोकाचा बुश झिजलाय किंवा स्विचची बसवणी सरकली आहे. पण एक-दोनच जागा गळत असतील आणि बाकीच्या पक्क्या असतील, तर केबलचा दोष नाही. केबलला अक्षरं वाचता येत नाहीत. ती सरकली तर सगळ्यांना सारखीच सरकवणार.

इथे न्यूट्रल पक्का, रिव्हर्स पक्का. पार्क खटक्यात असताना कधी दिसतो, कधी ओळ कोरी. ‘डी’मध्ये लिव्हर नुसता बोटाने हलवला तरी अक्षर लुकलुकतं. पार्क आणि डी याच दोन जागी गाडीच्या आयुष्यातला बहुतेक सगळा वेळ जातो. चालती गाडी थरथरते आणि त्या थरथरीत काँटॅक्ट एकाच ठिकाणी घासत राहतो.

तरीही केबलची खात्री केली. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की स्विच वरून दिसतो. लिव्हर न्यूट्रलला ठेवून पाहिलं, तर शाफ्टवरच्या पट्टीतलं भोक आणि स्विचच्या कडेचं भोक समोरासमोर होतं. ५ मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा दोन्हींतून सरळ गेला. (सगळ्या गाड्यांत ही भोकं नसतात. काहींत स्विचवर न्यूट्रलची रेघ आणि शाफ्टच्या वॉशरवर खाच असते, ती जुळवायची.) केबलच्या टोकाचा बुश किंचित ढिला होता, पण स्विचची जागा चुकण्याइतका नाही.

वायर की स्विच

आता उरले दोन संशयित. स्विच स्वतः, किंवा स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायरिंग. पावसाळी बिघाडात कपलरवर, म्हणजे वायरी स्विचला जिथे जोडल्या जातात त्या जोडावर, संशय घेणं रास्त असतं, आणि कपलर उघडल्यावर तो संशय वाढलाच : दोन पिनांच्या मुळाशी हिरवट थर आणि कपलरचा रबरी सील जागेवर नाही. कधीतरी कुणी कपलर काढला असेल तेव्हा तो पडून गेला असावा.

पिना साफ करून कपलर परत लावला. फरक पडला, ‘डी’ आधीपेक्षा स्थिर झाला, पण बिघाड गेला नाही. बरेच जण इथेच थांबतात. काँटॅक्ट क्लीनर मारला, दिवा लागला, गाडी दिली. दोन आठवड्यांनी पहिल्या मोठ्या पावसात गाडी परत.

म्हणून कपलर लावलेला ठेवूनच, मागच्या बाजूने बारीक सुया घालून मोजमाप केलं. येणाऱ्या वायरवर १२.३ व्होल्ट, हलवली तरी स्थिर. मग मल्टिमीटरची लाल सुई येणाऱ्या पिनवर आणि काळी ‘डी’च्या जाणाऱ्या पिनवर. या पद्धतीने मीटर थेट स्विचच्या आत किती व्होल्ट खर्ची पडतात ते दाखवतो. चांगल्या स्विचमध्ये हा आकडा ०.१ व्होल्टच्या आतबाहेर असायला हवा. इथे तो शांत असताना ०.६ होता. लिव्हरला बोट लावलं की ३, ४, मधेच १२. बारा म्हणजे वाट पूर्ण तुटलेली.

हे मोजताना सर्किटवर लोड हवा, ही गोष्ट पुष्कळदा सुटते. स्विच काढून टेबलावर ठेवून ओहम मोजले तर हाच स्विच अर्ध्या ओहमच्या आत दाखवतो आणि ‘स्विच ओके’ असा निकाल लागतो. टेबलावर थरथर नाही, उष्णता नाही, करंट जवळजवळ नाही. या गाडीत मीटरमधला ‘डी’चा बल्ब त्याच वायरवर आहे, त्यामुळे थोडा लोड आपोआप मिळतो. तो नसेल तर ५ वॉटचा बल्ब जाणाऱ्या पिनवर लावून मोजावं.

मग उलट बाजूने पुरावा. कपलर काढला आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला, येणाऱ्या पिनपासून ‘डी’च्या पिनपर्यंत, मधे छोटा फ्यूज घातलेली एक वायर जोडली. इंजिन बंद, चावी ऑन, लिव्हर प्रत्यक्षात पार्कमध्ये. स्कॅनरवर ‘डी’ उमटला. पोराने सगळा हार्नेस हातात धरून हलवला, वळवला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) दाबला. अक्षर जागचं हललं नाही. वायरिंग निर्दोष सुटली, स्विच सापडला. या चाचणीत इंजिन चालू करायचं नाही आणि काम झालं की ती वायर आधी काढायची, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

‘डायरेक्ट’बद्दल

सेल्फची वायर डायरेक्ट करणं म्हणजे पार्क-न्यूट्रलची अट काढून टाकणं. मग ‘डी’मध्ये लिव्हर असताना चावी फिरवली तर इंजिन चालू होतं आणि गाडी त्याच क्षणी पुढे सरकते. समोर भिंत असू शकते, अंगणात खेळणारं नातवंड असू शकतं. पुढे किंवा मागे जायच्या गिअरमध्ये सेल्फ लागता कामा नये हा नियम अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०२ मध्ये १९६८ पासून आहे. आपल्या गावात अजून तो दहा रुपयांच्या वायरीने मोडला जातो. घाटात बंद पडलेल्या गाडीला एकदा हलवण्यापुरतंसुद्धा कुणी हे करू नये. न्यूट्रलमध्ये लावून बघा, लिव्हर किंचित हलवून बघा, ब्रेक दाबून ठेवा. नाहीच लागला तर टो करा.

आत काय निघालं

हा स्विच खोलण्यासाठी बनवलेला नाही. तरी काढल्यावर, नवा हातात आला तेव्हा, जुन्याचं झाकण कडेने कापून उघडलं. बाईंनाही पाहायचं होतं, त्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

आत भरलेलं ग्रीस मूळचं पांढरट असतं. इथे ते काजळासारखं काळं होऊन कडेला वाळून बसलं होतं. चिमट्याने थोडं उचलून कागदावर पसरलं तर त्यात पितळेची चकाकणारी भुकटी. ‘डी’च्या पट्टीवर काँटॅक्टने एक चर पाडला होता, नखाला लागेल एवढा. काँटॅक्टची तीन बारीक बोटं असतात. त्यातलं एक दबून पट्टीपासून सुटलं होतं, बाकीची दोन चराच्या कडांवर टेकत होती. पार्कच्या पट्टीच्या टोकाशी तसंच, पण कमी. रिव्हर्सची पट्टी काळवंडलेली. आणि शाफ्टच्या भोकाजवळ, सीलच्या आतल्या बाजूला, गंजाचं एक तांबूस वर्तुळ. पाणी तिथून आत येत होतं.

दोन दिवे एकदम का पेटले याचाही उलगडा झाला. ओल धरलेलं ग्रीस आणि त्यातली धातूची भुकटी मिळून ‘एन’ आणि ‘डी’च्या पट्ट्यांमध्ये पूल तयार होत होता. कोरडं पडलं की पूल तुटायचा. वहीतल्या पावसाच्या नोंदी इथे जुळल्या.

“म्हणजे साफ करून चाललं नसतं?” बाईंनी विचारलं.

नसतं चाललं. ग्रीस बदलता येतं, चर बुजवता येत नाही. नवा स्विच येईपर्यंत गाव-बाजारापुरती गाडी चालवायची असेल तर साफसफाईला माझी हरकत नाही; घाट चढायचा असेल तर आहे.

पाणी आलं कुठून

नवा स्विच बसवून गाडी देता आली असती. पण गिअरबॉक्सवर, बॅटरीच्या खाली असलेल्या स्विचवर पाणी पडतं कसं हा प्रश्न सुटत नव्हता. रस्त्यावरचं उडालेलं पाणी खालून येतं. गंजाचं वर्तुळ तर वरच्या अंगाला होतं.

काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते ती उचलली. आत आंब्याची कुजलेली पानं आणि वाळलेला मोहर, मूठभर नव्हे, ओंजळभर. गाडी घरी आंब्याखाली उभी असते. काचेवरून ओघळणारं पाणी या खाचेत उतरतं आणि दोन्ही कडांच्या नळ्यांतून जमिनीवर जातं. बॅटरीच्या बाजूची नळी पूर्ण बंद होती. वरून बाटलीने पाणी ओतलं तर ते काठावरून ओसंडून हार्नेसवर आलं, हार्नेसच्या उतारावरून धावत थेट कपलरवर आणि तिथून शाफ्टवर. कोकणातल्या पावसात हे रात्रभर चालत असणार.

नळी तारेने मोकळी केली. हार्नेस पुन्हा बांधताना कपलरच्या अलीकडे त्याला खाली झोका दिला, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडेल, कपलरपर्यंत जाणार नाही. नवा सील बसवून त्याच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, पिनांवर नाही.

नवा स्विच आणि बसवणी

स्विच गिअरबॉक्सच्या नंबरवरून मागवला. गाडीच्या नावावरून मागवू नये. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे गिअरबॉक्स आलेले असतात आणि कपलरच्या पिना वेगळ्या निघतात. दुकानदाराला इनहिबिटर स्विच म्हटलं तर लवकर कळतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वापरलेला मिळतो आणि तो निम्म्याहून स्वस्त असतो, पण तोही तेवढाच जुना, तेवढाच घासलेला. ज्या भागाचं दुखणंच झिजेचं आहे तो जुना घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

बसवताना काळजीची जागा एकच. शाफ्टवरच्या पट्टीचा नट सोडताना आणि आवळताना पट्टी दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची. नुसता नट पिळला तर जोर शाफ्टवर आणि आतल्या खटक्याच्या स्प्रिंगवर येतो. ती स्प्रिंग वाकली तर खरोखरच गिअरबॉक्स उघडायची पाळी येते. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, लिव्हर न्यूट्रलला. स्विच शाफ्टवर सरकवून दोन्ही बोल्ट हाताने लावले, पट्टी बसवली, ड्रिलचा दांडा दोन्ही भोकांतून घातला आणि तो तसाच ठेवून बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले. बारीक बोल्ट आहेत, ॲल्युमिनियमच्या अंगात जातात. जोर केला तर आटे निघतात.

मग उलटतपासणी. पार्कमध्ये सेल्फ लागतो, न्यूट्रलमध्ये लागतो. ब्रेक घट्ट दाबून, चाकांना ठोकळे ठेवून, रिव्हर्समध्ये चावी फिरवली : लागत नाही. ‘डी’मध्ये : लागत नाही. ही ‘लागत नाही’ची तपासणी टाळू नये, स्विचचं खरं काम तेच आहे. रिव्हर्सचे दिवे लख्ख. लिव्हर प्रत्येक खटक्याच्या ढिलीत हलवून पाहिला, स्कॅनरवरचं अक्षर स्थिर. ‘डी’च्या पिनवरचा व्होल्टेज ड्रॉप ०.०४.

कोड पुसून गाडी पाटणच्या रस्त्याला नेली, चढ-उतारावर चारही गिअर पडताना स्कॅनरवर पाहिले. सुरुवातीला एक-दोन गिअर किंचित झटक्याने पडले. कॉम्प्युटर नव्याने अंदाज घेत होता. परत येईपर्यंत ते बसलं.

स्विच, सील आणि मजुरी मिळून खर्च काही हजारांत आटोपला. जुना कापलेला स्विच बाईंनी पिशवीत घालून नेला, ज्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं त्यांना दाखवायला.

पावसाळा संपल्यावर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा पुन्हा मोजलं. ‘डी’वर ०.०५, पार्कवर तेवढाच. कपलर उघडला तर आतून कोरडा, पिना स्वच्छ. नवा कोड नाही. जाळीखाली पानं पुन्हा जमली होती, ती काढली, आणि दर महिन्याला जाळी उचलून हात घालायला सांगितलं. केबलच्या टोकाचा ढिला बुश मात्र अजून बदलायचा आहे. त्याची ऑर्डर दिली आहे.